पोस्टाचा वाटा

मी चौथी शिकलेला माणूस आहे. घरात लिहायचं काम बायकोचं होतं, माझं काम तलावात. ती गेल्यावर दोन्ही माझ्याच गळ्यात आलं, म्हणून जसं येतं तसं लिहितो. ज्याला आवडणार नाही त्याने बाजूला ठेवावं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या काठावर. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. गावाला जुना मोठा तलाव आहे. त्याचं पाणी धानवाल्यांचं, मासे आमचे, ढिवरांचे. बायको दहावी पास होती आणि गावची पोस्टमास्तर होती. लहान गावात पोस्टाला सरकारी इमारत नसते. जो पोस्टमास्तर, त्यानेच घरातली जागा द्यायची. आमच्या घराची पुढची खोली, जिला आम्ही सपरी म्हणतो, तेच पोस्ट. एक टेबल, एक लोखंडी पेटी, शिक्का, आणि बाहेर भिंतीला लाल डबा. सकाळी मी त्याच सपरीत बसून फाटकं जाळं शिवायचो. पोस्टाची वेळ झाली की ती म्हणायची, "उठा आता, सरकार येऊन राह्यलं." मी जाळं उचलून अंगणात जायचो.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. पोस्ट ग्रामपंचायतीच्या एका कोपऱ्यात गेलं आणि मी सपरीला कुलूप घातलं.

काही महिन्यांनी नवी पोस्टमास्तर आली. मुलचेऱ्याकडच्या, निर्वासितांनी वसवलेल्या बंगाली गावातली पोरगी, शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी बोलणारी. पंचायतीच्या कोपऱ्यात वरून पाणी गळतं, मोबाइलला टावर नाही, आणि मिटिंग असली की तिला टेबलासकट बाहेर काढतात. ती माझ्या दारात आली.

"काका, तुमची ही पुढची खोली पोस्टासाठी द्याल का?"

"नाई."

"का नाही?"

"तिथी जाळं ठेवलं हाय."

तिने कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तलावाकडे.

"तलावात रोहू आहे का?"

"हाय."

"मग मी पुन्हा येईन," म्हणाली आणि गेली.

जाळं खरंच ठेवलं होतं. पण मी काऊन नाही म्हणालो, ते सांगायला मागे जावं लागतं.

टाळेबंदी लागली तेव्हा शाळा बंद झाली, बाजार बंद, बस बंद, देऊळही बंद. माझ्या सपरीचं दार तेवढं उघडं. तालुक्याच्या बँकेत जायला गाडी नाही आणि रस्त्यात पोलीस, म्हणून बँकेत जाणारे सगळे बायकोकडे यायला लागले. निराधाराचे पैसे, रोजगार हमीची मजुरी, बायकांच्या खात्यात आलेलं, सगळं तिच्याच टेबलावर. पैसे अंगठा लावून मिळायचे. अंगठ्याची एक लहान मशीन, ती मोबाइलला वायरने जोडायची. आणि मोबाइलला टावर लागतो, जो आमच्या सपरीत कधी येतो, कधी जातो. मग माणसं बसून राहायची. भिंतीला टेकून, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून, खोकत, तंबाखू मळत.

ते आटोपलं की ती थैली घेऊन टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, निघायची. चिठ्ठ्या वाटणाऱ्या माणसाची जागा रिकामी होती, म्हणून तेही तिच्याच अंगावर. त्या दिवसांत चिठ्ठ्या कमी आणि औषधांची पाकिटं जास्त. कोणाची साखरेची गोळी, कोणाची फिटची. वरच्या ऑफिसातून तिला हाताला लावायची एक बाटली आणि दोन मास्क मिळाले होते. तिथल्या साहेबालाही तेवढंच मिळालं असेल.

मला एकच भीती होती. हिला दमा होता. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला मोहाखालचा पाला जाळतात, त्या धुराने दर वर्षी हिची छाती वाजायची. हा रोग छातीत बसतो असं सगळे सांगत होते, आणि हिच्या छातीत आधीच जागा नव्हती.

"बंद कर," मी म्हटलं.

"कसं बंद करू? पल्याडच्या मोहल्ल्यातली म्हातारी काय खाईल?"

"अन् तुले काई झालं तं मी काय खाऊ?"

"तुमाले काय, तुमी मासे खा."

तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही. म्हणून मी न बोलता माझ्या अकलेने काम केलं. मोठं जाळं आणलं आणि सपरीच्या दारावर आडवं टांगलं. वर दोन खिळे, खाली शिशाच्या गोळ्या. लोकांनी बाहेर उभं राहायचं, जाळ्यातून बोलायचं, आत यायचं नाही. माझ्या डोक्यात ते फार पक्कं होतं. पाण्यात जाळं टाकलं की मासा थांबतो, मग माणूस काऊन थांबणार नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी आली. तिने जाळं पडद्यासारखं वर उचललं, डोकं वाकवलं आणि आत येऊन बसली. वरून मलाच म्हणाली, "काय गा, दारात कायले वाळू घातलं?" तिच्यामागून आलेल्याचा चष्मा अडकला. तो सोडवायला तिघं गोळा झाले, डोक्याला डोकं लावून. एका बाईची नाकातली फुली अडकली, तिच्याभोवती आणखी गर्दी. दुपारी एक बकरी पायासकट गुंतली. जेवढी गर्दी रोज सपरीत व्हायची, त्याच्या दुप्पट त्या दिवशी दारात झाली.

बायको टेबलावर डोकं ठेवून हसत होती. हसता हसता तिला दम लागला, तरी थांबेना.

"रोग काय मासा हाय का, जाळ्यात अडकाले?"

मी रागाने जाळं ओढून काढलं. खिळे तसेच राहिले, ते आजही आहेत.

मग एप्रिल संपता संपता तलावाचं पाणी उतरलं. दर वर्षी व्यापारी गाडी घेऊन येतात, त्या वर्षी कोणी आलं नाही. आमच्या ढिवरांच्या म्होरक्याने ठरवलं की मासे गावातच वाटायचे. म्होरक्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात म्हातारा, आवाज अजून पोरासारखा आणि तोंड माझ्याहून तिखट.

आमच्याकडे मासे वाटायची रीत आहे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जांभळीच्या सावलीत, पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतात. एकेका घराचा एकेक वाटा. कोणता ढीग कोणाचा, हे कोणी हाताने निवडत नाही, नाहीतर भांडणं होतील. प्रत्येक घर आपली एक खूण टोपल्यात टाकतं. कोणाचा बांगडीचा तुकडा, कोणाचं बैलाचं घुंगरू, कोणाची जाळ्याची गोळी, कोणाचं बिडीचं थोटूक. एकजण ढिगांकडे न पाहता टोपल्यातली एकेक खूण ओळीने ढिगांवर ठेवत जातो. ज्या ढिगावर तुमची खूण, तो तुमचा. तोपर्यंत माणसं दूर, जिथे सावली मिळेल तिथे बसलेली. ढिगाजवळ उभं राहणं आमच्यात वाईट दिसतं. हा हावरा आहे म्हणतात.

त्या दिवशी बायको मोबाइल घेऊन पाळीवर आली होती. टावर तिथेच पक्का येतो, दिवसाचा हिशोब तिथूनच पाठवावा लागायचा. हिशोब पाठवून झाला तरी ती उभीच.

"इथी कोणी कोणाच्या अंगावर काऊन नाई पडून राह्यलं?" तिने विचारलं.

"कायले पडतीन? खूण टोपल्यात हाय ना. माणसाले उभं राहाचं कामच नाई."

ती गप्प झाली. त्या गप्प होण्याला मी लग्नापासून ओळखत होतो. त्यानंतर माझ्या अंगावर काहीतरी काम यायचं.

आलंच. दुसऱ्या दिवशी टेबल माझ्या डोक्यावर आणि ती पुढे, मोबाइल-मशीन पदरात घेऊन. पाळीवर म्होरक्या आडवा आला.

"पोस्टमास्तरीन बाई, वाट्याच्या जागी सरकारी मशीन? मासे रुसले तं?"

"मासे रुसले तं मी समजावीन. तुमी अंगठा आणा भाऊ."

म्होरक्याचा अंगठा सपरीत कधी लागला नव्हता. जन्मभर दोर ओढून रेषा गेलेल्या, आणि वर टावर धड नाही. महिनोमहिने तो रिकामा परत जायचा आणि सरकारला शिव्या घालायचा. बायकोने त्याला साबणाने हात धुवायला लावले आणि पाळीच्या तापलेल्या दगडावर अंगठा टेकवून वाळवायला सांगितलं. मग पळसाचं एक ताजं पान घेतलं, त्या पानातून त्याचा अंगठा धरला आणि मशीनवर दाबला. पान फेकून दिलं. मशीन हिरवी झाली.

म्होरक्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, जसा तो दुसऱ्याचा असावा. मग मागे वळून ओरडला, "अरे, काय पाहून राह्यले? खुणा आणा!"

तसं पोस्ट पाळीवर आलं. येईल त्याने आपली खूण दगडांच्या ओळीत ठेवायची आणि दूर जाऊन बसायचं. बायको पहिली खूण उचलून वर धरायची, "घुंगरू कोणाचं?" घुंगरूवाला यायचा. "बिडी कोणाची?" तर तीनजण उठायचे. एकदा म्होरक्याने जिवंत खेकडा आणून ठेवला. खेकडा चालत चालत ओळीच्या पुढे गेला आणि म्होरक्या म्हणाला, "आता माहा नंबर. मी नाई घुसलो, तो घुसला." बायका एवढ्या हसल्या की बायकोला त्याचं काम आधी करून द्यावं लागलं.

मी साबणवाला झालो. बादली, मग्गा, साबण. हात धुतल्याशिवाय कोणाला टेबलाकडे जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. मी तोंडाने फटकळ, त्यामुळे ते काम मला चांगलं जमलं. "कोपरापर्यंत धू, पावना हाय का लाजाले?" असं मी सरपंचालाही म्हणालो. पळसाची पानंही मीच तोडून आणायचो. एका अंगठ्याला एक पान. ती उघड्यावर बसायची, वारा लागायचा, छाती कमी वाजायची. रात्री तिला सरळ झोप लागायला लागली, आणि ती झोपली की मलाही.

वरून फोन यायचे. अमुक काम किती झालं, तमुक किती. एकदा मी जवळच होतो.

"साहेब, मी तलावाच्या पाळीवरून बोलून राह्यली."

तिकडून आलं, "तिथं काय करता?"

"पोस्ट."

मग साहेब म्हणाले, "वारा फार येतो आहे फोनवर. कागद सांभाळा. आणि तब्येतही." फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "माणूस बरा हाय." त्यानंतर तिने साहेबाकडून आणखी एक मास्कची पुडी मागून घेतली.

एक दिवस मात्र आमचं खरं भांडण झालं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला आमच्या गावचा एक माणूस जंगलातून पायी परत आला. सिरोंच्यापासून चालत. त्याला शाळेत वेगळं ठेवलं. घरी बायको, लहान पोरं, डब्यात दाणा नाही. त्याच्या खात्यात मजुरी पडली होती, पण अंगठा त्याचा शाळेत आणि मशीन पाळीवर.

"मी जाऊन येते शाळेत," बायको म्हणाली.

"तू तिथी गेली तं मी टेबल तलावात टाकीन."

"टाका. पेटी आधी काढून घ्या, सरकारी हाय."

"तुही छाती सरकारी नाई ना! ते माही हाय. ते गेली तं मले दुसरी कोण देईन?"

एवढं मी तिला चारचौघांत कधी बोललो नव्हतो. सगळे बसलेले लोक खाली पाहायला लागले. ती उठली, माझ्याजवळ आली, पण हात धुतलेले नव्हते म्हणून थोडी दूरच उभी राहिली. हळू बोलली, "मंग तुमीच सांगा कसं करू. न जाता होत असन तं नाई जात."

आता तिने मलाच विचारलं होतं. मी डोकं खाजवलं, मग घरी गेलो आणि लांब बांबूच्या दांडीची झोळीजाळी घेऊन आलो. काठावरून झिंगे उचलतो ती.

शाळा पाळीला लागूनच, टावर तिथवर येतो. खिडकीपासून दूर, आंब्याखाली ती उभी राहिली. तिने मोबाइलवर सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं, मोबाइल आणि मशीन झोळीत ठेवली, आणि मी ती झोळी बांबूने खिडकीपर्यंत नेली. तो आतून अंगठा काढून बसलेला. पण मशीन थोडाच वेळ वाट पाहते. झोळी खिडकीला लागेपर्यंत वेळ संपला. परत आणली, परत भरलं, परत नेली. पुन्हा संपला. तिसऱ्या वेळी मी घाईत झोळी हलवली आणि मशीन झिंग्यासारखी उड्या मारायला लागली.

"हळू ना वो! मासा नाई तो, सरकारी सामान हाय!"

"तू बटण उशिरा दाब ना!"

आतून तो बिचारा म्हणाला, "भाऊ, बाई, मी काई पळून नाई जात. आरामानं करा."

मग मीच म्हटलं, झोळी आधी खिडकीला लावतो. एका लांब फांदीने तू दुरून बटण दाब. तिने आंब्याची सरळ काडी तोडली, पण मोबाइल काडीचं ऐकेना. त्याला जिवंत बोट लागतं. शेवटी बटण त्यालाच दाबायला सांगितलं. आधी साबणाचं पाणी खिडकीत सरकवलं, मग झोळी. ती दुरून ओरडून सांगत होती, "हिरव्या जागेवर दाब! आता अंगठा!" मशीन हिरवी झाली तेव्हा आम्ही तिघं ओरडलो. पैसे त्याच झोळीतून गेले. मशीन-मोबाइल मी पुसले, उन्हात ठेवले, आणि बायकोला संध्याकाळपर्यंत हात लावू दिला नाही.

पुढचे कितीतरी दिवस ती खोकली की मी कान देऊन ऐकायचो. हा जुना खोकला की नवा? जुनाच निघाला. त्या खोकल्याचा मला एवढा आनंद पुन्हा कधी झाला नाही.

उन्हाळ्याच्या शेवटच्या वाटणीला म्होरक्याने एक ढीग जास्तीचा लावला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"पोस्टाचा."

बायको म्हणाली, "भाऊ, आमाले असं घेता येत नाई. सरकारी नोकरी हाय."

"मंग सरकारले नेऊन दे. मरळ हाय, ताजी हाय."

सगळे हसले. तिने टोपल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ढीग पोस्टाचा असला तं पोस्ट ठरवीन तो कुठी जाईन." तो ढीग शाळेत ठेवलेल्या माणसांना गेला. खूण म्हणून तिने जुन्या शिक्क्याची तुटकी लाकडी मूठ टोपल्यात टाकली. हाताने घासून काळी, गुळगुळीत झालेली. तेव्हापासून दर वाटणीला पोस्टाचा वाटा निघायला लागला. कधी तो बाळंतिणीकडे गेला, कधी एकट्या म्हाताऱ्याकडे. मूठ वाटणीनंतर सपरीच्या कोनाड्यात परत यायची.

दुसऱ्या वर्षी रोग पुन्हा आला आणि तेव्हा गावातली माणसं गेली. ते मला लिहायचं नाही. आमच्या घरात तो आला नाही. साबणाने वाचवलं की वाऱ्याने, मला समजत नाही, पण ती वाचली, आणि त्यानंतर आम्हाला आणखी काही वर्षं मिळाली. ती चांगली गेली. ती गेली ते तिच्या जुन्या दम्याने, पावसाळ्यात, दवाखान्यात, माझा हात धरून. त्या वेळी कोणी म्हणालं नाही की दूर उभे राहा. हे मला फार मोठं वाटतं.

घरी आल्यावर मी त्याच दोन खिळ्यांवर सपरीच्या दारात आतून जाळं टांगलं आणि बाहेरून कुलूप घातलं. कशासाठी, ते तेव्हाही माहीत नव्हतं.

या उन्हाळ्यात वाटणी झाली. जाळं ओढायचं आता माझ्याने होत नाही, मी जांभळीखाली बसून होतो. ती बंगाली पोरगी टावरसाठी पाळीवर आली होती आणि ढिगांकडे डोळे मोठे करून पाहत होती. खुणा जमा झाल्या. म्होरक्याने ढीग मोजले, टोपलं हलवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोस्टाची खूण?"

"पोस्ट आता माह्या घरी नाई," मी म्हणालो.

"मी घर नाई विचारलं गा. खूण विचारली. ढीग लागला हाय, मासे उन्हात हाय. रुसाचं असन तं घरी जाऊन रुस, पण येताना मूठ घेऊन ये."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी उठलो नसतो. उठलो. घरी येऊन कुलूप उघडलं. जाळ्यात आधी माझाच हात अडकला, मग चष्मा. मी तिथे एकटाच उभा, दारात गुंतलेला, आणि मला ती बकरी आठवली. हसू आलं. सपरीत शाईचा वास अजून होता. टेबल होतं, भिंतीवर लोकांची डोकी टेकून पडलेले तेलाचे डाग होते. हवा मात्र कोंडलेली. ती असती तर आधी खिडकी उघडली असती. मी उघडली. कोनाड्यातून मूठ घेतली.

अर्ध्या वाटेत ध्यानात आलं की कुलूप घालायचं राहिलं. परत नाही गेलो.

पाळीवर मूठ मी म्होरक्याला दिली नाही, पोरीला दिली.

"हे टोपल्यात टाक."

"हे काय आहे?"

"पोस्टाची खूण. तू पोस्टमास्तर, तू टाक."

तिच्या ढिगात मोठी रोहू आली. तिचा चेहरा मी सांगत नाही, ज्याने बंगाली माणसाला रोहूकडे पाहताना पाहिलं आहे त्याला समजेल. पण म्होरक्याने तिला रीत सांगितली तेव्हा तिने रोहूवरून नजर काढली आणि विचारलं, "इथं सध्या कोण आजारी आहे?" टोल्यावरच्या एका बाईचं दवाखान्यात पोट कापलं होतं. ढीग तिकडे गेला. मी माझ्या वाट्यातली रोहू पोरीला दिली. तो माझा वाटा होता, त्यात सरकारचं काही नाही.

परत येताना ती माझ्यासोबत चालत होती.

"काका, खोलीत ते जाळं आहे ना अजून?"

"काढतो."

तिची चाल हलकी झाली.

"आयक," मी म्हटलं, "सपरीले खिडकी एकच हाय. मी समोरच्या भिंतीत दुसरी पाडून देतो. वारा आरपार पायजे. अन् पैसे वाटाच्या दिवशी टेबल पाळीवर. सपरीत गर्दी नाई जमू देणार मी."

"पण काका, आता तर तो रोग नाही."

"गर्दी नाई म्हटलं ना."

"बरं. आणि साबण?"

"साबण मी पाहतो," मी म्हटलं. "ते माहं काम हाय."

दुसऱ्या दिवशी भिंत फोडायला घेतली. माती जुनी आहे, हाताला वेळ लागतो आहे. पण परवापासून पलीकडचा तलाव दिसायला लागला आहे.